पियानिस्टचं आयुष्य: नागपूरकरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मला व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, क्लासच्या दारात विचारले जातात, लग्नाच्या पंगतीत शेजारचं पान सोडून विचारले जातात. एकदा तर सीताबर्डीच्या सिग्नलला स्कूटर थांबली असताना शेजारच्या गाडीवरून एक काकू विचारत्या झाल्या. सिग्नल सुटेपर्यंत जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं, उरलेलं इथे लिहिते. मी नागपूरचीच. पियानोला पहिला हात इथेच लावला, पुढे मुंबईत आणि जर्मनीत शिकले, काही वर्षं कार्यक्रम करत फिरले. आता घरी परत येऊन शिकवते आणि वाजवते. प्रश्न शक्यतो ज्याच्या त्याच्या शब्दांत ठेवलेत. एकच गोष्ट दोनदा सांगायचा कंटाळा येतो, म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा नंबर दिला आहे.

१. कॉन्सर्ट पियानिस्ट म्हणजे नक्की काय? पियानो वाजवतो तो पियानिस्टच ना?

लोकांसमोर, तिकीट लावून वाजवणं हेच ज्याचं मुख्य काम, तो कॉन्सर्ट पियानिस्ट. कधी तो एकटा वाजवतो. त्याला रिसायटल म्हणतात: सत्तर ते नव्वद मिनिटांचं संगीत, मधे मध्यंतर. कधी ऑर्केस्ट्रासोबत कंचेर्टो वाजवतो, कधी व्हायोलिन-चेलोवाल्यांबरोबर बसून चेंबर संगीत. 'रिसायटल' हा शब्द पियानिस्ट फ्रान्झ लिस्टने १८४० मध्ये लंडनच्या कार्यक्रमांसाठी वापरला आणि मग तो रुळला. एकट्या माणसाने अख्खी संध्याकाळ पियानोवर काढायची, ही कल्पनाच तेव्हा नवी होती.

एक गैरसमज इथेच काढून टाकते. ऑर्केस्ट्रात व्हायोलिनवाल्याची पगारी खुर्ची असते, तशी पियानिस्टची सहसा नसते. कंचेर्टो वाजवणारा पाहुणा असतो. वाजवतो, मानधन घेतो, दुसऱ्या दिवशी विमानात बसतो. 'मोठ्या ऑर्केस्ट्रात नोकरी लागेल' हा हिशोब त्यामुळे पियानोला लागू पडत नाही. पैशाचं सविस्तर प्रश्न १४ मध्ये.

२. घरी कॅसिओ आहे. त्यावर सुरुवात केली तर चालेल का?

आपल्याकडे कुठल्याही कीबोर्डला कॅसिओच म्हणतात, त्यामुळे आधी पट्ट्या मोजा. ६१ असतील आणि दाबल्यावर स्प्रिंगसारख्या उसळत असतील, तर तीन-चार महिने चालेल. स्वर ओळखणं, वाचन, ताल एवढं त्यावर होतं. त्यापुढे नाही.

पियानोला ८८ पट्ट्या असतात, ५२ पांढऱ्या आणि ३६ काळ्या, आणि प्रत्येक पट्टीमागे एक लाकडी हातोडी तारेवर जाऊन आपटते. पट्टी किती वेगाने खाली गेली त्यावर आवाज लहान-मोठा होतो. फ्लॉरेन्सच्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने १७०० च्या सुमारास हे यंत्र बनवलं ते नेमकं याचसाठी. त्याआधीच्या हार्पसिकॉर्डवर जोरात दाबा की हळू, आवाज तेवढाच. पियानिस्टचं निम्मं आयुष्य त्या हातोडीचा वेग बोटांनी ठरवण्यात जातं. ते स्प्रिंगच्या पट्टीवर शिकता येत नाही. ८८ वजनदार पट्ट्यांचा, पेडल असलेला डिजिटल पियानो घ्या. पियानोच्या परीक्षांच्या चौथ्या-पाचव्या ग्रेडपर्यंत निर्धास्त राहाल.

३. मुलगी पाच वर्षांची आहे. आणि मी स्वतः ३४ चा. दोघांपैकी कोणाला उशीर झाला?

मुलीला नाही. कॉन्सर्टचं स्वप्न असेल तर पाच ते आठ हे वय चांगलं. तुम्हाला वाजवायला उशीर झालेला नाही. त्याच्यावर पोट भरायला झाला आहे. याला अपवाद आहेत, पण ते नीट वाचा. सोव्हिएत पियानिस्ट रिश्टर २२ व्या वर्षी, १९३७ मध्ये, मॉस्को कॉन्झर्व्हेटरीत न्यूहाउसकडे शिकायला गेला म्हणून लोक त्याचं उदाहरण देतात. पण तोपर्यंत तो ओडेसाच्या ऑपेरात तालमींना पियानो वाजवून तयार झालेला होता. पादेरेव्स्कीनेही चोविशीत नव्या गुरूकडे जाऊन पुन्हा पायापासून सुरुवात केली, पण वाजवत तो लहानपणापासूनच होता. (हाच माणूस पुढे १९१९ मध्ये पोलंडचा पंतप्रधान झाला. पियानिस्टला दुसरं काही येत नाही म्हणणाऱ्यांसाठी.)

४. मला पेटी चांगली येते. फायदा होईल का?

कानाला भरपूर, उजव्या हाताला थोडा, डाव्याला शून्य. पेटीवाल्याचा डावा हात आयुष्यभर भाता हाकत असतो, आणि पियानोवर निम्मं काम त्याचंच. दुसरी अडचण जास्त खोल आहे. पेटीचा सूर पट्टी दाबून धरली की टिकतो, पियानोचा सूर वाजल्या क्षणापासून विरायला लागतो. विरणाऱ्या सुरांतून सलग ओळ गाते आहे असा भास करायचा, ही पियानोची कारागिरी. पेटीवाले सुरुवातीला हमखास पट्टीवर दाब देत बसतात. सूर वाजून गेलेला असतो, हे बोटांना कळायला दोन महिने लागतात.

पट्टीची भाषा मात्र उपयोगी पडते. पांढरी एक म्हणजे सी, काळी एक म्हणजे सी शार्प, एवढं सांगितलं की पेटीवाला पाच मिनिटांत पियानोवर घरी येतो.

५. मुलाची ग्रेड ८ झाली. आता तो पियानिस्ट झाला असं म्हणायचं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि उत्तर ऐकून सगळ्यात जास्त लोक नाराज होतात. नाही.

ट्रिनिटी काय किंवा एबीआरएसएम काय, लंडनच्या या दोन्ही संस्थांच्या ग्रेड परीक्षा चांगल्या आहेत. मीही दिल्या, मीही मुलांना बसवते. पण ग्रेड ८ ला प्रत्यक्ष वाजवायचं संगीत पंधरा मिनिटांच्या आसपास असतं, आणि रिसायटल त्याच्या पाच-सहापट. शिवाय परीक्षा बंद खोलीत किंवा व्हिडिओवर, एका परीक्षकासाठी. रिसायटलला तीनशे माणसं, त्यात एक खोकणारा, एकाचा मोबाइल वाजणारा.

खरी गोम वेगळीच. घाई झालेली मुलं वर्षाला परीक्षेचे तीन तुकडे शिकतात आणि बाकी काहीच वाजवत नाहीत. आठ वर्षांत चोवीस तुकडे. त्यातले मागचे एकवीस विसरलेले. घरी पाहुणे आले आणि 'वाजव रे काहीतरी' म्हटलं की मुलगा आईकडे बघतो. माझ्या क्लासमध्ये म्हणून नियम आहे: परीक्षेच्या प्रत्येक तुकड्यामागे परीक्षेबाहेरचे चार, आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारी सगळ्यांनी एकमेकांसमोर वाजवायचं. चुकलं तर चुकलं. गेल्या वर्षी एक सातवीतली मुलगी ग्रेड ३ लाच होती, पण तिच्याजवळ कधीही बसून वाजवता येतील असे अकरा तुकडे होते. ग्रेड ८ वाल्या दादाजवळ तीन.

तांत्रिक बाब: एबीआरएसएममध्ये सहावी किंवा त्यापुढच्या ग्रेडला बसायचं तर आधी पाचवीची थिअरी किंवा तिला मान्य असलेला पर्याय लागतो, ट्रिनिटीमध्ये अशी अट नाही. ग्रेड ८ च्या पुढे ट्रिनिटीचे एटीसीएल, एलटीसीएल, एफटीसीएल असे डिप्लोमा आहेत. एटीसीएलला अर्ध्या तासाहून मोठा कार्यक्रम वाजवावा लागतो. पियानिस्ट होण्याची चाचपणी करायची तर खरी तिथून.

६. रोज किती तास रियाज करता? खरं सांगा.

कार्यक्रम समोर असेल तर चार ते पाच, नसेल तर तीन. आठ-दहा तासांच्या गोष्टी ऐकू येतात. काही जण तरुणपणी करतातही, पण संगीतकार शोपँ शिष्यांना तीन तासांच्या वर बसू नका असं बजावत असे म्हणतात, आणि त्याला हातांविषयी बरंच कळत होतं.

तासांपेक्षा त्या तासांत काय चालतं ते बघा. बाहेरून ऐकणाऱ्याला माझा रियाज संगीत वाटतच नाही. मे महिन्यात मी सकाळी साडेपाचला बसते, कारण दहानंतर खोलीत बसवत नाही. पहिला अर्धा तास फक्त डावा हात. मग कालचा अडलेला तुकडा. मागच्या आठवड्यात तो पाच बारांचा होता: उजव्या हाताची चौथी-पाचवी बोटं वर सूर धरतात आणि तळाची तीन खाली पळतात. मेट्रोनोम, म्हणजे टिकटिक करून लय दाखवणारं यंत्र, निम्म्या लयीवर. वीस वेळा. मग लय दोन खुणांनी वाढवायची, चुकलं की चार खुणांनी उतरवायची. तीन दिवस हेच. चौथ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "आज पुढे सरकलीस वाटतं." सगळ्यात खडतर श्रोता माझ्या घराखाली राहतो.

शेवटची पंधरा मिनिटं फोनवर रेकॉर्ड करून ऐकते. वाजवताना जे सुंदर वाटलं ते ऐकताना बरेचदा घाईचं निघतं. नवा कंचेर्टो या गतीने स्टेजवर न्यायला चार-सहा महिने सहज जातात.

७. नागपूरच्या उन्हाळ्यात पियानो टिकतो का?

टिकतो, पण त्याच्या खोलीत कूलर लावायचा नाही. हे वाक्य भिंतीवर लिहून ठेवा.

पियानोचं लाकूड हवेतल्या ओलाव्याबरोबर फुगतं आणि आकसतं. आत सव्वादोनशेच्या वर तारा, त्यांचा एकूण ताण अठरा-वीस टनांचा. तारांचा दाब पेलणारा साउंडबोर्ड म्हणजे जेमतेम सेंटीमीटरभर जाडीची लाकडी पाटी. ओलाव्याने ती फुगून वर उचलली जाते, सूर चढतो. कोरडी पडली की बसते, सूर उतरतो. लाकडाला साधारण पन्नास टक्क्यांच्या आसपासची हवा मानवते. आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी ती वीस टक्क्यांवर येते आणि जुलै-ऑगस्टमध्ये ऐंशीच्या वर जाते. वर नवतपा लागला की आपण काय करतो? कूलर. म्हणजे कोरड्या लाकडावर दिवसभर ओला वारा, आणि रात्री कूलर बंद की पुन्हा भट्टी. पियानोचा एका दिवसात उन्हाळा-पावसाळा होतो. सूर तर जातोच, पण तारांच्या खुंट्या ज्या लाकडात ठोकलेल्या असतात ते भेगाळलं की पियानो लावून टिकतच नाही.

पियानो आतल्या भिंतीला ठेवा, पश्चिमेच्या खिडकीपासून लांब. कूलर दुसऱ्या खोलीत, मधलं दार बंद. एसी असेल तर एकाच तपमानावर, आणि वारा थेट पियानोवर नको. आर्द्रता मोजणारं छोटं यंत्र स्वस्तात मिळतं, ते पियानोवर ठेवून महिनाभर आकडे लिहून काढा. आपलंच घर नव्याने कळेल.

लावून घ्यायचा वर्षातून किमान दोनदा. एक खेप दिवाळीनंतर नोव्हेंबरात, हवा स्थिरावली की. दुसरी ऑगस्टच्या उत्तरार्धात किंवा तुमच्या कार्यक्रमाच्या आधी. पहिला पाऊस पडल्या पडल्या बोलावू नका, त्या दिवसांत पियानो रोज हलत असतो. माझा ट्यूनर मुंबईहून विदर्भ एक्स्प्रेसने सकाळी उतरतो, म्हणून आम्ही चार-पाच घरं मिळून तारीख ठरवतो आणि त्याचं भाडं वाटून घेतो.

अडकणाऱ्या पट्टीसाठी मात्र दर वेळी हवेला दोष देऊ नका. एका जुलैत माझी मधली एक पट्टी खाली जाऊन वर यायचीच नाही. लाकूड फुगलं असेल म्हणून दोन आठवडे वाट पाहिली. शेवटी पुढची फळी काढली तर आत उंदराचं घर: हातोड्यांवरचा कुरतडलेला नमदा आणि कोणाच्या तरी थिअरीच्या वहीचे बारीक तुकडे. कसरीनेही नमदा खाल्ला जातो. दर दोन महिन्यांनी खालची फळी उघडून बॅटरी मारून बघत जा.

८. आम्ही फ्लॅटमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतो. पियानो चढेल का? शेजारी ओरडतील का?

उभा पियानो दोनशे ते अडीचशे किलोचा असतो. स्लॅबला त्याचं काही वाटत नाही, जिन्याच्या वळणाला वाटतं. विकत घेण्याआधी वळण मोजा. शेजाऱ्यांसाठी: बहुतेक उभ्या पियानोंना मधलं पेडल दाबून अडकवलं की हातोडी आणि तारेच्या मधे नमद्याची पट्टी येते, आवाज निम्म्याहून कमी होतो. दुपारी दोन ते चार वाजवू नका. ही सूचना संगीताची नाही, नागपूरची आहे.

९. दहावी-बारावी आणि जेईईच्या काळात पियानो बंद केला तर?

बंद करू नका, कमी करा. रोज पंचवीस मिनिटं वाजवणारं मूल दोन वर्षांनी परत उभं राहतं. पूर्ण सोडलेलं फार क्वचित.

पण कॉन्सर्टचाच विचार असेल तर प्रश्न वेगळा. परदेशातल्या संगीत विद्यालयांच्या प्रवेशचाचण्या साधारण सतराव्या ते एकोणिसाव्या वर्षी येतात, म्हणजे नेमक्या कोचिंगच्या वर्षांत. दोन्ही दगडांवर पाय ठेवून दोन्हीकडे मधले गुण घेतलेली मुलं मी पाहिली आहेत. निर्णय नववीत घ्या, बारावीच्या दिवाळीत नको. आणि घेताना मुलालाही विचारा. चेष्टा नाही, अनेकदा खोलीत मुलाव्यतिरिक्त सगळे बोलत असतात.

१०. पुढचं शिक्षण कुठे? भारतात होतं का?

पायाभरणी भारतात होते. मुंबईत चांगले शिक्षक आहेत, चेन्नईत ए. आर. रहमान यांनी २००८ मध्ये सुरू केलेली केएम म्युझिक कॉन्झर्व्हेटरी आहे. मी अकरावीपासून दर पंधरा दिवसांनी रात्रीच्या गाडीने मुंबईला जायचे, सकाळी दोन तास शिकायचे आणि रात्रीच्या गाडीने परत. बर्थवर मांडीवर कागदी कीबोर्ड ठेवून बोटं फिरवायचे. समोरच्या सीटवरच्या लोकांना वाटायचं पोरीचं डोकं फिरलं आहे.

कॉन्सर्टच्या पातळीसाठी मात्र बहुतेकांना बाहेर जावं लागतं, कारण तिथे तुमच्यासारखेच वीस जण बाजूच्या खोल्यांत वाजवत असतात. जर्मनीतल्या सरकारी संगीत विद्यालयांत बहुतेक ठिकाणी शिक्षणशुल्क नाही, फक्त सत्राची किरकोळ रक्कम. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १५०० युरो पडतात. राहण्या-खाण्याचा खर्च आणि व्हिसासाठी बँकेत दाखवायची रक्कम वेगळी. जर्मन भाषेची परीक्षा लागते. फिलाडेल्फियाच्या कर्टिसमध्ये १९२८ पासून प्रवेश मिळालेल्या प्रत्येकाचं शिक्षणशुल्क माफ आहे. मिळणं किती कठीण हे त्यावरूनच कळावं. चाचणीला सहसा बाखचा एक तुकडा, एक अभिजात सोनाटा (अनेक भागांची मोठी रचना), एक-दोन एत्यूद (तंत्र दाखवणारे तुकडे) आणि नंतरच्या काळातलं काही मोठं मागतात, बरेचदा आधी व्हिडिओ पाठवून. वयाची अट अनेक ठिकाणी असते. घरबसल्या अंदाज बांधू नका, त्या त्या विद्यालयाचं चालू वर्षाचं पत्रक वाचा.

११. मोठी स्पर्धा जिंकल्याशिवाय नाव होतच नाही ना?

स्पर्धेने दार उघडतं, हे खरं. १९५८ मध्ये २३ वर्षांचा अमेरिकन व्हॅन क्लायबर्न मॉस्कोत पहिली चायकॉव्स्की स्पर्धा जिंकला, तेही शीतयुद्ध ऐन भरात असताना. परतल्यावर न्यूयॉर्कने त्याची मिरवणूक काढली.

पण उलटंही होतं. वॉर्सातली शोपँ स्पर्धा १९२७ पासून चालू आहे, सहसा पाच वर्षांतून एकदा होते. १९८० मध्ये तिथे इव्हो पोगोरेलिच अंतिम फेरीआधीच बाद झाला. १९६५ ची विजेती मार्था आर्गेरिच परीक्षक होती. तिने निषेध म्हणून परीक्षकपद सोडलं आणि पोगोरेलिच त्या बाद होण्यानेच जगभर पोचला. एरिक लू २०१५ मध्ये त्याच स्पर्धेत चौथा आला होता, दहा वर्षांनी पुन्हा गेला आणि २०२५ मध्ये पहिला आला. नागपूरच्या पालकांना मी ही एरिक लूची गोष्ट जास्त सांगते, कारण इथे चौथा नंबर म्हणजे घरी सुतक.

१२. एवढं सगळं पाठ कसं राहतं? आणि स्टेजवर विसरलं तर?

पाठ करण्याची सक्ती कुठेच लिहिलेली नाही. १८३० च्या दशकात पियानिस्ट क्लारा व्हीक, पुढची क्लारा शूमान, कागदाशिवाय वाजवायला लागली तेव्हा काहींना तो उद्धटपणा वाटला होता. आज कागद ठेवला तर लोक भुवया उंचावतात. रिश्टर उतारवयात सभागृहात अंधार करून, पियानोवर एक दिवा लावून, कागद समोर ठेवून वाजवायचा. हल्ली टॅबलेट आणि पायाने पान उलटायचं बटण आहे. चेंबर संगीतात तर सगळेच कागद ठेवतात.

पाठांतर बोटांचं असतं, कानाचं असतं, पानाच्या चित्राचं असतं आणि रचनेच्या समजुतीचं असतं. पहिली तिन्ही घाबरलं की दगा देतात. चौथं टिकतं: आता कोणत्या स्वरात आहोत, हा विषय दुसऱ्यांदा येतोय की तिसऱ्यांदा, पुढचं वळण कुठे. म्हणून मी प्रत्येक रचनेत दहा-बारा थांबे ठरवते आणि रियाजात कुठल्याही थांब्यापासून सुरू करून बघते.

हे शहाणपण फुकट आलेलं नाही. विशीत असताना एका स्पर्धेत बाखची फ्यूग (एकच धून वेगवेगळ्या आवाजांत पुन्हा पुन्हा येते अशी रचना) वाजवत होते. तिच्यात हुबेहूब दिसणाऱ्या दोन जागा होत्या. पहिलीनंतर डावीकडे वळायचं, दुसरीनंतर उजवीकडे. वर्धा रोडच्या उड्डाणपुलावर चुकीचा फाटा घेतला की जसं पुन्हा चौकातून फिरून यावं लागतं, तशी मी दुसऱ्या जागेवरून पुन्हा पहिल्या रस्त्याला लागले. फिरून तिथेच आले. पुन्हा चुकले. तिसऱ्या फेरीला कळलं की अशी मी रात्रीपर्यंत वाजवत राहीन, आणि सरळ शेवटच्या पानावर उडी मारली. बक्षीस अर्थातच नाही. एका परीक्षकांनी नंतर एवढंच विचारलं, "शेवटचं पान तरी कसं सापडलं?" योगायोगाने तेवढंच मी वेगळं पाठ केलं होतं. थांब्यांची सवय त्या दिवसापासून.

थोरांनाही हे चुकलेलं नाही. पियानिस्ट मारिया ज्युआंव पिरेश अ‍ॅमस्टरडॅममध्ये कंडक्टर रिकार्दो शायी यांच्याबरोबर बसली, ऑर्केस्ट्रा सुरू झाला आणि तिच्या लक्षात आलं की हा मोत्झार्टचा दुसराच कंचेर्टो आहे, ती वेगळा तयार करून आली होती. चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. पण तो पूर्वी वाजवलेला होता, पियानोचा प्रवेश येईपर्यंतचा थोडा वेळ हातात होता, आणि तिने तो वाजवला. भीती म्हणाल तर होरोविट्झ १९५३ पासून बारा वर्षं स्टेजवर चढलाच नाही. ग्लेन गूल्ड १९६४ मध्ये, वयाच्या ३१ व्या वर्षी, कायमचा उतरला आणि पुढे फक्त रेकॉर्डिंग करत राहिला.

१३. तुम्ही स्वतःचा पियानो बरोबर नेता का?

नाही. कॉन्सर्ट ग्रँड, म्हणजे मोठा आडवा पियानो, पावणेतीन मीटर लांब आणि पाचशे किलोच्या जवळ. होरोविट्झ नेत असे, क्रिस्टियान झिमरमानही नेतो. बाकी आम्ही सगळे जो मिळेल त्यावर. सतारिया आपली सतार मांडीवर घेऊन येतो, आम्हाला प्रत्येक गावी नव्या स्थळाशी तासाभरात संसार मांडायचा असतो: पट्ट्या जड की हलक्या, पेडल कुठे पकडतं, वरचे सूर टोचतात का.

एकदा दुसऱ्या एका शहरात आयोजकांनी फोनवर तीनदा सांगितलं, "मॅडम, ग्रँड आहे, पांढरा." गेले तर खरंच पांढरा, खरंच ग्रँडच्या आकाराचा. झाकण उचललं तर आत तारा नाहीत. लाकडी खोक्यात कीबोर्ड बसवलेला होता, लग्नाच्या सजावटीतला. कार्यक्रमाला चार तास. निम्मे तुकडे बदलले, तसंच वाजवलं. तेव्हापासून मी होकार देण्याआधी फोटो मागते: बाहेरून नाही, झाकण उघडून आतला.

१४. ताई, खरं सांगा, पियानोवर पोट भरते काय?

फक्त कॉन्सर्टवर? जगात मोजक्याच लोकांचं. वर्षाला शंभराच्या आसपास कार्यक्रम करणारे ते. एजंट पंधरा-वीस टक्के घेतो, प्रवास, मुक्काम, कर वजा जातो, आणि सहा महिने तयार केलेला कंचेर्टो एखादे वेळी एकदाच वाजवला जातो. बाकीच्यांचं घर शिकवणं, गायक-व्हायोलिनवाल्यांना साथ, ऑपेरा-बॅलेच्या तालमी, परीक्षांना साथ यांवर चालतं. भारतात त्यात आंतरराष्ट्रीय शाळांतली नोकरी, स्टुडिओतलं रेकॉर्डिंग आणि हॉटेलच्या लॉबीतलं वाजवणं येतं. लॉबीला नाकं मुरडू नका. चार तास न थांबता, कोणी ऐकत नसताना नीट वाजवणं हा कठीण रियाज आहे.

माझ्या पहिल्या मानधनातून गाडीचं तिकीट आणि ट्यूनरचे पैसे गेले, उरले त्यात तिघांनी तर्री-पोहे खाल्ले. आज घर चालतं ते क्लासवर.

१५. हात लहान आहेत. जमेल का?

एका सप्तकाचं अंतर साडेसोळा सेंटीमीटर. तेवढं अंगठा-करंगळीत सुखाने आलं तर बहुतेक संगीत वाजतं. आलिसिया दे लारोचाची उंची पाच फुटांहून कमी होती आणि ती विसाव्या शतकातल्या थोर पियानिस्टांत मोजली जाते. योसेफ हॉफमानसाठी स्टाइनवेने थोड्या अरुंद पट्ट्यांचे पियानो बनवले होते. वाढत्या वयाच्या मुलांचा पंजा ताणण्याचे व्यायाम घेऊ नका. का ते खाली.

१६. वाजवताना मनगट दुखतं, पण परीक्षा जवळ आहे. दुखणं अंगावर काढू का?

नाही. आजच थांबा. आधी खुर्ची बघा: निम्म्या वेळा कारण प्लास्टिकची खुर्ची आणि वर दोन उशा हे असतं. कोपर पट्ट्यांच्या पातळीवर हवं, पाय जमिनीवर टेकलेले. तरीही दुखलं तर डॉक्टर आणि फिजिओ. संगीतकार रॉबर्ट शूमानने तरुणपणी उजव्या हाताचं बोट निकामी करून घेतलं आणि त्याची पियानिस्टची वाट बंद झाली.

अवघड अपवाद म्हणजे न दुखणारा आजार. पियानिस्ट लिऑन फ्लायशरच्या उजव्या हाताची दोन बोटं १९६४ मध्ये आपोआप आत वळायला लागली. या आजाराचं नाव फोकल डिस्टोनिया. त्याने अनेक वर्षं केवळ डाव्या हाताचं संगीत वाजवलं. ते संगीत मुळात अस्तित्वात होतं त्याचं एक कारण पियानिस्ट पाउल विटगेनश्टाइन: पहिल्या महायुद्धात त्याचा उजवा हात गेला आणि त्याने राव्हेलसारख्या संगीतकारांकडून डाव्या हातासाठी कंचेर्टो लिहून घेतले. बोटॉक्सच्या इंजेक्शनांनंतर १९९० च्या दशकात फ्लायशर दोन्ही हातांनी परतला. बोट दुखत नाही पण ऐकत नाही असं वाटलं, तर जास्त रियाज करू नका, तज्ज्ञाला दाखवा.

१७. नागपुरात ऐकायचं कुठे, वाजवायचं कुठे?

देशपांडे सभागृह, सायंटिफिक, चिटणवीस सेंटर, रेशीमबागेतलं सुरेश भट सभागृह हे सगळ्यांना ठाऊक आहेत. पण सुमारे दोन हजार आसनांच्या हॉलमध्ये माइकशिवाय एकटा पियानो हरवतो, आणि माइक लावला की ज्या बारकाव्यासाठी एवढं केलं तो जातो. म्हणून मी घरगुती बैठकांच्या बाजूची आहे. दिवाणखाना, तीस माणसं, सतरंजी, उभा पियानो. नागपूरला घरगुती गाण्याच्या बैठका नव्या नाहीत, फक्त पेटीच्या जागी पियानो ठेवायचा. मोठं ऐकायचं तर मुंबईला एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. त्यांच्या हंगामाच्या तारखा बघून रात्रीच्या गाडीचं तिकीट काढा.

१८. पियानोवर राग वाजतो का?

स्वर वाजतात. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, नाही, आणि दरबारीचा आंदोलित कोमल गंधार तर मुळीच नाही, कारण पियानोचे बारा स्वर खुंटीवर बांधलेले आणि समान अंतराचे. काही कलाकार ती उणीव झाकून सुंदर वाजवतात. मला विचाराल तर त्यासाठी सतार आहे.

१९. मधेच टाळ्या वाजवल्या तर लोक वळून बघतात. टाळ्या कधी वाजवायच्या?

आजचा शिरस्ता असा की सोनाट्याचे तीन-चार भाग पूर्ण होईपर्यंत थांबायचं. पियानिस्टचे हात मांडीवर आले की वाजवा. पण हा शिरस्ता फार जुना नाही. मोत्झार्टने १७७८ मध्ये पॅरिसहून वडिलांना लिहिलेल्या पत्रात, सिम्फनी चालू असतानाच लोकांनी टाळ्या वाजवल्या हे मोठ्या आनंदाने कळवलं होतं. ती जागा त्याने टाळ्या येणार हे ओळखूनच लिहिली होती.

आपल्याकडे तर समेवर दाद न देणं हाच उद्धटपणा. गेल्या डिसेंबरात धरमपेठेतल्या एका बैठकीत मी हळू लयीचा भाग वाजवत होते. एक स्वर बराच वेळ लांबवून खाली सोडला आणि पहिल्या रांगेतल्या आजोबांच्या तोंडून निघून गेलं, "वा!" त्यांच्या सुनेने त्यांना कोपराने ढोसलं. जागा बरोबर होती, आजोबांची.